सोलापुरी चादर, घरातलाच माग अन् ईयोबाचा धोटा

रेटिंग 4 स्टार. संडे स्कूलला बायबलातल्या ईयोबाचा (सगळं गमावून बसलेला तो भला माणूस) 7 वा अध्याय घ्यायचा होता, तिथं तो म्हणतो माझे दिवस धोट्याहून (मागात आडवा धागा घेऊन इकडून तिकडं धावतो तो) जोरात पळतायत, अन् आमच्या पोरांना धोटा म्हणजे काय तेच माहीत नाही, सोलापूरची पोरं असून! मग शनिवारी सहा जणांना रिक्षात कोंबलं अन् पूर्व भागात अशोक चौकाच्या आतल्या एका घरगुती कारखान्यात गेलो, पुढं दुकान, मागं माग. आईसाठी चादर घ्यायचीच होती.

चादर एक नंबर. जाड सुती, अन् उलटी केली की तेच डिझाईन रंग बदलून दिसतं, म्हणजे वाईट बाजू अशी नाहीच. मागच्या वर्षी हायवेवरच्या एका दुकानातनं सोलापुरी म्हणून घेतलेली पहिल्याच धुण्यात बादलीभर रंग सोडून बसली होती. इथं मी पसंत केलेली चादर काकांनी स्वतःच उजेडात धरली, एके ठिकाणी धागा सुटलेला दाखवला अन् म्हणाले ही घ्यायची तर साठ रुपये कमी द्या. मला तर दिसलाही नसता. बायबलातल्या नीतिसूत्रे 11 मधला, देवाला वीट आणणारा खोटा तराजू किती वेळा शिकवलाय मी, पण खरा तराजू असा समोर कमी वेळा बघितला. तीच चादर घेतली.

आता मागाचं. आवाज एवढा की ओरडूनच बोलावं लागतं, वर जॅकार्डचे, म्हणजे डिझाईन ठरवणारे, भोकं पाडलेले पुठ्ठे फिरत असतात अन् धोटा तर डोळ्याला सापडतच नाही, नुसता खटाखटा. पोरं गप्प! तेवढ्यात माग थांबला, धोट्यातल्या कांडीवर गुंडाळलेलं सूत संपलेलं. काकांनी नवी कांडी घातली, धोट्याच्या भोकातनं धागा तोंडानंच ओढून घेतला अन् माग परत सुरू, दहा सेकंदसुद्धा लागली नसतील. मला एकदम आठवलं, ईयोब त्याच वचनात पुढं म्हणतो आशेवाचून दिवस सरतात, अन् तिथला हिब्रू शब्द तिकवा, त्याचा अर्थ आशाही होतो अन् धागाही, यहोशवाच्या पुस्तकातल्या राहाबेनं खिडकीला बांधलेल्या लाल दोरीसाठी पण तोच शब्द आहे. म्हणजे दिवस पळतायत एवढंच नाही, सूतच संपलंय असं म्हणतोय बिचारा. इतकी वर्षं हा धडा घेतोय अन् मी नुसता स्पीडवरच बोलत होतो! रिक्षात पोरांना हे सांगितलं तर एक जण म्हणाला, मग ईयोबाला कांडी कोण बदलून देणार? म्हटलं 42 वा अध्याय (तिथं देव ईयोबाला सगळं परत देतो) घरी वाचून ये.

एक स्टार कापला कारण फोनपे नाही, रोखच लागते, अन् गल्लीत गाडी लावायला जागा नाही. लहान पोरं न्यायची असतील तर आधी विचारून जा, मागाचे पट्टे उघडेच आहेत, मुलींच्या ओढण्या बाहेरच ठेवायला लावा.