ट्विन्स स्पेशल 16 औंस: महाग आहेत, तरी घ्या

दहा हजारांच्या आत-बाहेरचे ग्लव्हज घ्या म्हटलं की आमच्या हॉलमधले पालक माझ्याकडे असे बघतात, जणू कंपनीची एजन्सी माझ्याच नावावर आहे. नाहीये. मी डोंबिवलीत एका मंडळाच्या हॉलमध्ये किकबॉक्सिंग शिकवते आणि पोरांबरोबर स्वतः स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, उभी राहते. ट्विन्स स्पेशल या थाई कंपनीचं बीजीव्हीएल 3 हे मॉडेल, 16 औंस, वेल्क्रोचं, मी माझ्या पैशांनी घेतलंय आणि त्याने आमच्याकडचा अख्खा पावसाळा काढलाय. आता लिहायला हरकत नाही. नव्या ग्लव्हजचं कौतुक पहिल्या आठवड्यात कुणीही करतं.

आधी वजन. 16 औंस म्हणजे एका हाताला साधारण 450 ग्रॅम. हे छापलेलं असतं, तपासत कोणी नाही. मी खालच्या वाण्याच्या काट्यावर ठेवून बघितलं. तो म्हणाला, "ताई, काय भावाने लावू?" ट्विन्सचे दोन्ही हात साडेचारशेच्या आसपास भरले, दोघांत नावापुरता फरक. त्याच काट्यावर एका पोराचे सेलमधले ग्लव्हज ठेवले. त्यांच्यावरही 16 छापलेलं, आणि भरले चारशेच्या आत. ते कुठल्या कंपनीचे हे लिहीत नाही, कारण ना डबा होता ना बिल. पण कमी भरलेलं वजन कुठून गेलं ते दाबून बघितलं की कळतं. बोटांच्या गाठींवरचा फोम अंगठ्याने दाबला तर आत थेट हाड लागत होतं. हे ग्लव्हज घालून तो पोरगा माझ्या नाकावर ठोसे मारणार होता.

ट्विन्सचा फोम थरांचा आहे. नवा असताना इतका टणक वाटतो की पहिले काही दिवस मूठ पूर्ण मिटत नाही, आणि पोरी तक्रार करतात, "ताई, हात दुखतो." दुखू दे. ठोसे मारायच्या बॅगवर चालवा, हळूहळू मुठीच्या आकारात बसतो. माझे आता बसलेत. दाबला की फोम आत जातो आणि सोडला की सावकाश वर येतो. स्वस्तातला गेला की गेलाच.

थाई बनावटीत आणखी एक गोष्ट आहे, जी नुसतं बॉक्सिंग करणाऱ्याच्या लक्षात येणार नाही. हाताच्या मागच्या बाजूला, मनगटाकडे, भरपूर भराव असतो. कारण सरळ आहे, या खेळात लाथा येतात. डोक्याकडे आलेली लाथ तुम्ही हाताने अडवता तेव्हा ती पंजाच्या मागच्या बारीक हाडांवर आणि कोपराखालच्या हातावर बसते. बॉक्सिंगच्या ग्लव्हजमध्ये सगळा माल पुढे असतो आणि मागे कातडं. आमच्याकडे एक मुलगा घरातले जुने बॉक्सिंगचे ग्लव्हज घेऊन आला होता, पहिल्याच हाय किकला पंजा सुजला. ट्विन्समध्ये मी धडधडीत लाथा अडवल्यात आणि दुसऱ्या दिवशी पोळ्याही लाटल्यात.

पालकांचा दुसरा ठरलेला प्रश्न: यात करिअर आहे का? मी गोड बोलत नाही. किकबॉक्सिंग ऑलिम्पिकमध्ये नाही. वाको या जागतिक संघटनेला आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीची पूर्ण मान्यता मिळाली ती 2021 मध्ये, पण मान्यता असणं वेगळं आणि खेळ ऑलिम्पिकमध्ये खेळवला जाणं वेगळं. आपल्याकडे जी मुलं यात टिकतात त्यांची चूल बहुतेक वेळा शिकवण्यावर आणि फिटनेसच्या क्लासवर पेटते, फाइटवर नाही. हे ऐकून जे उठून जातात त्यांना मी चहासाठीही थांबवत नाही. जे बसून राहतात त्यांना पेट्रोस्यान या किकबॉक्सरच्या फाइट दाखवते.

जॉर्जिओ पेट्रोस्यान. जन्म 1985, येरेवान, आर्मेनिया. पोरवयात बापाबरोबर घर सोडलं, ट्रकमध्ये लपून इटलीत आला आणि पुढे स्लोव्हेनियाच्या सीमेला लागून असलेल्या गोरिझिया गावात वाढला. तिथल्याच जिममध्ये घडला, सोळाव्या वर्षी रिंगमध्ये उतरला. इटलीचं नागरिकत्व मिळायला मात्र 2014 उजाडलं. तोवर तो 70 किलो गटात जगातला पहिल्या नंबरचा म्हणून गणला जाऊन चुकला होता! जपानच्या के-वन मॅक्स स्पर्धेत त्याने फायनलमध्ये 2009 ला योकोहामात अँडी सौवरला हरवलं, 2010 मध्ये टोकियोला योशिहिरो सातोला. लागोपाठ दोन वर्षं ही स्पर्धा त्याच्याआधी कुणालाच जिंकता आली नव्हती. त्याला 'द डॉक्टर' म्हणतात. इतका मोजून मारतो की चीरफाड वाटावी.

मुलांना मी 2009 ची फायनल बघायला लावते, आणि ठोसे बघू नका म्हणते, त्याचा पुढचा हात बघा. तो डावखुरा, म्हणजे उजवा हात पुढे. तो हात सारखा समोरच्याच्या ग्लव्हजवर, खांद्यावर, कपाळावर असतो. टेकवतो, ढकलतो, अंतर मोजतो. समोरचा मारायला निघाला की पेट्रोस्यान एक पाऊल मागे किंवा कडेला गेलेला असतो, आणि मग मागचा डावा सरळ. पुन्हा टेकवणं. नॉकआउटच्या शोधात बसलेल्या पोरांना हे कंटाळवाणं वाटतं. "ताई, हा मारतच नाही." मारतो रे बाबांनो, मार खात नाही एवढंच.

आता ग्लव्हजशी याचा संबंध. इतक्या जपून खेळणाऱ्या माणसाचे हातच सारखे मोडत राहिले. फ्रॅक्चर, शस्त्रक्रिया, महिनोन्‌महिने बाहेर. मुठीची हाडं काही ठोसे मारायला बनलेली नाहीत. करंगळी आणि अनामिकेमागची दोन हाडं तर काडीसारखी असतात, ठोसा जरा कडेने कपाळावर किंवा कोपरावर बसला की गेली. सहा-सात वर्षांत जवळपास हरला नाही असा हा माणूस नोव्हेंबर 2013 मध्ये न्यूयॉर्कला ग्लोरी या किकबॉक्सिंग भरवणाऱ्या कंपनीच्या स्पर्धेत अँडी रिस्टीकडून नॉकआउट झाला. रिस्टी उंच, उभं राहण्याची बाजू मधेच बदलणारा, कुठून काय येईल याचा पत्ता न लागू देणारा. ती फाइट मी नवशिक्यांना दाखवत नाही. त्यानंतर पेट्रोस्यान परतला तो थेट 2015 मध्ये.

पालकांना बाकी काही नाही तरी एक आकडा ऐकायचा असतो, तोही सांगते. 2019 मध्ये वन चॅम्पियनशिप या फाइट भरवणाऱ्या कंपनीने फेदरवेट (साधारण 70 किलो) किकबॉक्सिंगची ग्रां प्री, म्हणजे बाद फेऱ्यांची स्पर्धा, भरवली. पहिल्याच फेरीत पेचमोराकोटविरुद्ध तो गुणांवर हरला, पण पेचमोराकोटने नियमाबाहेर क्लिंच केल्याचं, म्हणजे त्याला कवटाळून धरल्याचं, दिसलं म्हणून निकाल रद्द झाला. पुन्हा फाइट झाली, ती जिंकला. मग जो नटावुटला पहिल्याच राउंडमध्ये झोपवलं, आणि ऑक्टोबरमध्ये टोकियोत सॅमी सानाला हरवून दहा लाख डॉलर घेतले. तेव्हा तो 33 वर्षांचा होता. बापलोकांचे डोळे इथे चमकतात, म्हणून पुढचंही लगेच सांगून टाकते. दोन वर्षांनी, ऑक्टोबर 2021 मध्ये सिंगापूरला, दुसरा राउंड सुरू होऊन काही सेकंद होतात तोच सुपरबॉनची एक लाथ डोक्यावर बसली आणि पेट्रोस्यान आडवा. या धंद्यात हे असंच चालतं. सोळाव्या वर्षी सुरुवात, तेहेतिसाव्या वर्षी मोठा पैसा, आणि मधली सतरा वर्षं हात शाबूत ठेवायचे.

फाइटमध्ये कोणते ग्लव्हज घालायचे ते आयोजक ठरवतात. 8 औंस, 10 औंस. वनच्या मुय थाय (थायलंडचा लाथा-ठोशांचा खेळ) फाइटमध्ये तर 4 औंसचे, बोटं उघडी. तिथे आपलं काही चालत नाही. सरावात कोणते घालायचे ते आपण ठरवतो. आणि रिंगमध्ये तीन राउंड खेळणाऱ्या माणसाने त्याआधी हॉलमध्ये किती ठोसे मारलेले असतात याचा हिशोब करा. हातांची झीज तिथे होते. हॉलंडची मंडळी उगाच 16 औंस आणि नडगीवर जाड शिनगार्ड घालून जोडीने ड्रिल करत नाहीत. त्याच मुशीतून आलेला अर्नेस्तो होस्ट 1997, 1999, 2000 आणि 2002 असा चार वेळा के-वन ग्रां प्री जिंकला, आणि चाळिशी ओलांडली तरी रिंगमध्ये होता.

मनगटाकडे येऊ. या मॉडेलची पट्टी लांब आहे, मनगटाला दोन बोटं वरपर्यंत धरते. हूक, म्हणजे कडेने मारलेला ठोसा, चुकीचा बसला तरी मनगट मुडपत नाही. मी आधी लेसवाले वापरायचे, पकड त्यांचीच सगळ्यात चांगली, पण बांधायला दुसरा माणूस लागतो आणि आमच्या बॅचमध्ये दुसरा माणूस तेव्हा दोरीच्या उड्या मारत असतो. वेल्क्रो मधेच निघालं तर टोकाने समोरच्याचा गाल खरवडतो, म्हणून स्पारिंगला वरून पांढरी चिकटपट्टी मारायची, आमच्याकडे सक्तीच आहे. अंगठा शिवून जोडलेला आहे, डोळ्यात जायची भीती कमी.

आत जागा ऐसपैस. माझा पंजा लहान आहे, नुसता हात घातला तर आत खुळखुळतो. पण नुसता हात घालायचाच नसतो. 180 इंची, म्हणजे साडेचार मीटरचा, जरा ताणणारा रॅप, म्हणजे हाताला गुंडाळायची कापडी पट्टी, घ्या, बोटांच्या गाठींवर तीन घड्या जास्तीच्या ठेवा, मग बरोब्बर बसतं. 120 इंची रॅप शाळकरी मुलांना ठीक. मोठ्या हाताच्या पुरुषांना हे मॉडेल रॅपसकट आरामात होतं, दुसऱ्या काही थाई ग्लव्हजमध्ये त्यांना कोंबावा लागतो.

चामड्याच्या कुठल्याही ग्लव्हजची रड म्हणजे वाळवणं, आणि आमच्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिंतीसुद्धा वाळत नाहीत. क्लास संपला की ग्लव्हज पिशवीत कोंबून लोकलमध्ये बसलात, रात्री तशीच पिशवी दाराआड टाकलीत, की तिसऱ्या दिवशी त्याला असा कुबट वास मारतो की घरचे तुम्हालाच बाहेर काढतील. मी घरी आल्याआल्या पट्टी सताड उघडते, आत वर्तमानपत्राचे बोळे बोटांच्या टोकापर्यंत ढकलते, तासाभराने ओले बोळे काढून कोरडे घालते आणि टेबलफॅनपुढे ठेवते. उन्हात नाही, चामडं तडकतं. आत अत्तर, पावडर, सेंट काहीही मारायचं नाही, घामात कालवून चिखल होतो. एवढं केलं म्हणून माझ्या जोडीला अजून बुरशी शिवलेली नाही. अस्तर अंगठ्याच्या बेचक्यात थोडं मऊ पडलंय, शिवण मात्र एकही सुटलेली नाही.

कोणी घेऊ नये? नुसतं घाम गाळायला येणाऱ्याने. कार्डिओ-किकबॉक्सिंगच्या क्लासला दीड-दोन हजारांचे, 12 औंसचे, देशी बनावटीचे पुरतात. मेरठ-जालंधरकडे बरा माल बनतो, फक्त फोम दाबून बघा आणि काट्यावर ठेवा. दहा-बारा वर्षांच्या मुलालाही नको, हात वाढताहेत आणि 16 औंस त्याला उचलणार नाहीत. पण पोरगी किंवा पोरगा आठवड्यातून तीन दिवस स्पारिंग करतोय, जिल्ह्याला खेळून आलाय, पुढे लो-किक (मांडीवरही लाथ चालते) किंवा के-वन (गुडघाही चालतो) प्रकारात रिंगमध्ये उतरायचं म्हणतोय, तर नव्या मोबाइलचे पैसे इकडे वळवा. स्पर्धेचे 10 औंसवाले लागतील तेव्हा घेऊ.

घेताना दुकानदाराला विचारून घ्या की माल आयात कोण करतं, आणि बिल मागा. या नावाचे नकली भरपूर फिरतात. आमच्यातल्या एकीने ऑनलाइन निम्म्या किमतीत मागवले, आले ते रेक्झिनचे, लोगोही जरा तिरका, आणि विकणारा परत घ्यायला तयार नाही. अस्सल जोडीला चामड्याचा वास येतो आणि पट्टी उघडताना फर्रकन आवाज होतो.

रंग काळा घ्या. पांढऱ्यावर पहिल्याच आठवड्यात दुसऱ्यांच्या नाकाचं रक्त दिसतं, आणि पालक ते बघून घाबरतात.