चिंच, व्हिनेगर, सोडा आणि अळशीचं तेल : जुन्या वस्तूंवर अख्खा पावसाळा वापरल्यानंतर

चोरबाजारातून आणि ओळखीच्या भंगारवाल्याकडून आणलेल्या वस्तू घरातल्याच सामानानं साफ करायला उन्हाळ्यात सुरुवात केली होती. मुद्दाम पावसाळा सरल्यावर लिहितेय. घासल्या दिवशी सगळंच चकाकतं, पण मुंबईत खरी परीक्षा जुलैमध्ये होते. त्यात आम्ही प्रभादेवीला राहतो, समुद्राची खारी हवा थेट घरात.

सगळ्यात समाधान दिलं ते बिडाच्या तव्यानं. आणला तेव्हा गंजानं पार खरखरीत झालेला होता. व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन त्यात बुडवला आणि दर अर्ध्या तासानं बाहेर काढून काथ्यानं घासला. विसरून रात्रभर ठेवायचा नाही, कारण व्हिनेगर गंज संपला म्हणून थांबत नाही, खालचं लोखंडही खायला लागतं. गंज निघाला की धुवून लगेच गॅसवर. इथल्या हवेत उघडं ओलं लोखंड फडकं शोधेपर्यंत पुन्हा तांबूस पडतं. मग शेंगदाण्याच्या तेलाचा हात फिरवायचा आणि लावलेलं सगळं तेल पुसून काढतोय अशा बेतानं कोरडं पुसायचं. जाड थर राहिला तर तवा चिकट होतो. धूर येईपर्यंत तापवून थंड करायचा, आणि हे पुन्हा पुन्हा. आता घावन अलगद सुटतात. पावसाळ्यातही गंज धरला नाही, मात्र धुतल्यावर दर वेळी गॅसवर वाळवून तेलाचं बोट लावावंच लागतं.

पितळेला चिंच-मीठ, यात नवीन काही नाही. समईच्या नक्षीतला काळा थर चिंचेचा कोळ चोळल्यावर बघता बघता सुटला, खाचांसाठी जुना टूथब्रश. पण चिंचेत तासन्‌तास बुडवून ठेवायची पद्धत मला पटत नाही. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आम्लात फार वेळ राहिलं तर वरच्या थरातलं जस्त निघून जातं आणि भांडं गुलाबीसर दिसू लागतं. साध्या पितळी तांब्याला नि परातीला पितांबरी सोयीची, नक्षीकामात मात्र तिची पूड अडकून पांढरी दिसते. चकाकी टिकण्याच्या बाबतीत दोन्ही सारख्याच, पावसाळ्यात आठवड्याभरात मंद होतात. नुसत्या शोभेच्या पितळी वस्तूंना फर्निचरच्या मेणाचा पातळ हात दिला, त्या गणपतीपर्यंत छान राहिल्या. समईला मेण नको, ज्योतीच्या उष्णतेनं वितळतं. आणि जुन्या पितळी पातेल्यात स्वयंपाक करायचा असेल तर आधी कल्हई. तिथे घरगुती उपाय नाहीच.

लाकडाचा अनुभव सगळ्यांनी वाचावा असा. सागवानी पाट मिळाला होता. त्याच्या अर्ध्या भागाला खोबरेल आणि अर्ध्याला हार्डवेअरच्या दुकानातलं अळशीचं तेल लावून पाहिलं. मे महिन्यात खोबरेलाची बाजू जास्त देखणी दिसायची. जुलैत तिच्यावर धूळ चिकटली आणि कडेनं पांढुरकी बुरशी आली. खोबरेल वाळत नाही, ओलंच राहतं. अळशीचं हवेतल्या प्राणवायूशी संयोग होऊन घट्ट होतं. ती बाजू आजही कोरडी आहे. फक्त अळशीच्या तेलाचं फडकं बोळा करून टाकू नका. वाळताना उष्णता निर्माण होते आणि बोळा आपोआप पेटू शकतो. दोरीवर मोकळं वाळत घाला किंवा पाण्यात भिजवा.

खाण्याच्या सोड्याचं कौतुक जरा जास्तच होतं असं आता वाटतं. जुन्या ट्रंकेतला कुबट वास घालवायला तो उत्तम, उघड्या वाटीत ठेवून द्यायचा. व्हिनेगरमध्ये टाकून फेस काढण्यात मात्र अर्थ नाही. दोघं एकमेकांना मारतात आणि हाती जवळजवळ नुसतं पाणी उरतं. वेगवेगळे वापरले तरच दोघांचा उपयोग. जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, भांड्यांना गरम सोड्याचं पाणी लावू नका, काळी पडतात. चांदीच्या करंड्याला मात्र हाच सोडा कामी आला : पातेल्यात ॲल्युमिनियमची फॉइल, वर करंडा, सोडा आणि कढत पाणी. घासावं लागलं नाही, म्हणजे चांदी झिजलीही नाही.

संगमरवराला लिंबू, चिंच, व्हिनेगर काहीच नको, डाग गेला तरी दगडाची झिलई जाते. आणि ब्लीच कधीही व्हिनेगरमध्ये किंवा संडास धुवायच्या ॲसिडमध्ये मिसळू नका. क्लोरीन वायू सुटतो, आणि आपल्या बंदिस्त मोऱ्यांमध्ये तो जाणार कुठे?

एक रंगवलेली लाकडी पेटी मी मुद्दाम खरवडली नाही. जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि पॉलिश पेपरनं कोरडं घासलं की त्याची धूळ घरभर होते. ओल्या फडक्यानं पुसून ठेवलीय, रंग जिथे उडालाय तिथे तसाच.