अनाहाइम की ऑर्लँडो? आधी जागा बघा

अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमचं डिस्नेलँड आणि फ्लोरिडात ऑर्लँडोजवळचं डिस्ने वर्ल्ड, यातलं एकच बघायचं असलं की लोक राइड्सच्या याद्या घेऊन बसतात. किल्ला, परेड, आतषबाजी दोन्हीकडे आहे. त्यात फार डोकं घालू नका. खरा फरक जागेचा आहे.

डिस्नेलँड आधी बरबँकला, डिस्नेच्या स्टुडिओच्या शेजारी व्हायचं होतं. तिथल्या नगर परिषदेने नकार दिला. मग १९५३ मध्ये वॉल्ट डिस्नेंनी स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या हॅरिसन प्राइस यांच्यावर जागा शोधायचं काम सोपवलं. वस्ती कुठे सरकतेय, नवा हायवे कुठून जाणार, हवा कशी, हे सगळं तपासून त्यांनी अनाहाइमच्या संत्र्यांच्या बागांवर बोट ठेवलं. सुमारे १६० एकर. वर्षभरात बांधून १७ जुलै १९५५ ला उघडलंसुद्धा. जमीन विकणाऱ्या एका कुटुंबाच्या विनंतीवरून राखलेला खजुरीचा जुना माड जंगल क्रूझजवळ अजून उभा आहे, गेलात तर जरूर बघा. पण आजूबाजूची जमीन घ्यायला पैसा उरला नव्हता. बघता बघता भोवती मोटेलं उगवली आणि वॉल्टना ती कायम खुपत राहिली.

फ्लोरिडात त्याचं उट्टं काढलं. नोव्हेंबर १९६३ मध्ये विमानातून ऑर्लँडोजवळची मोठ्या रस्त्यांची चौफुली हेरली आणि भलत्याच नावांच्या कंपन्या काढून गुपचूप खरेदी सुरू केली. ऑक्टोबर १९६५ मध्ये ‘ऑर्लँडो सेंटिनेल’ने बिंग फोडलं आणि उरलेल्या जमिनीचे भाव आभाळाला भिडले, पण तोवर २७ हजार एकरांच्या आसपास जमीन हाती आली होती. बरीचशी दलदलच.

माझं घोडं अडलं ते इथेच. मॅजिक किंगडमला, म्हणजे तिथल्या मुख्य पार्कला, गाडीने गेलात की गाडी लावायची, मुख्य स्थानक गाठायचं, तिथून मोनोरेल नाहीतर फेरीबोट, आणि मग कुठे तळ्यापलीकडे दार. ते तळंही खणलेलं. त्यातली माती पार्कखाली भरली, कारण भूजल इतकं वर की कर्मचाऱ्यांचे बोगदे जमिनीच्या पातळीवरच बांधून पार्क त्यांच्या डोक्यावर चढवावं लागलं. डोकं अफाट चालवलंय, वादच नाही. पण आतषबाजी संपते, मूल खांद्यावर झोपलेलं असतं, त्याची एक चप्पल सापडत नसते आणि अख्खी गर्दी त्याच धक्क्याकडे निघालेली असते, तेव्हा २७ हजार एकरांतला एकेक एकर पायाला जाणवतो. दुपारी खोलीवर जाऊन तासभर पडावं म्हटलं, तर जाण्यायेण्यातच तास जातो.

अनाहाइमला पार्कसमोरचा रस्ता, हार्बर बुलेव्हार्ड, ओलांडला की खोली. वॉल्टना खुपणारी मोटेलं माझ्या मात्र पथ्यावर पडली.

आठवडा हाताशी असेल आणि चार पार्क एकाच आवारात हवी असतील, तर फ्लोरिडाला पर्याय नाही. मोनोरेलच्या मार्गावरचं हॉटेल परवडत असेल तर माझी तक्रारही बरीच बोथट होते. दोन-तीन दिवस आणि सोबत लहान मूल असेल, तर मी तरी अनाहाइमच म्हणेन. फक्त हॉटेल हार्बर बुलेव्हार्डवर, प्रवेशाच्या समोरच घ्या. डिस्नेच्या स्वतःच्या काही हॉटेलांपेक्षा तिथून दार जवळ पडतं.