फेब्रुवारीतला बुटका आयरिस: तिघांपैकी कोणता घ्यावा?

इंग्लंडातल्या आपल्या बहुतेक मंडळींची बाग म्हणजे मागच्या दाराबाहेरचा हातभर तुकडा. बुटक्या आयरिसला, म्हणजे कंदातून उगवणाऱ्या या छोट्या फुलझाडाला, तेवढी जागा पुरते. जेमतेम १०-१५ सेंमी उंचीचं हे झाड फेब्रुवारीत, बोटं आखडवणाऱ्या थंडीत फुलतं. कंद मात्र सप्टेंबर-ऑक्टोबरात घ्यावे लागतात, आणि तेव्हा दुकानात रेटिक्युलाटा, डॅनफोर्डी आणि कॅथरीन हॉजकिन या तिन्ही प्रकारांचे पाकिटांवरचे फोटो सारखेच देखणे दिसतात.

रेटिक्युलाटा हा मूळचा तुर्कस्तान, कॉकेशस, इराणकडचा. कंदावर जाळीदार साल असते, नाव त्यावरूनच पडलं. रंग गडद जांभळा-निळा, खालच्या पाकळीवर पिवळाधमक पट्टा. त्याच्या वाणांपैकी 'हार्मनी' निळा, 'जे. एस. डाइट' लालसर जांभळा. दोन फुलं छोट्या पेल्यात घालून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवा, उबेने मंद वास सुटतो. तीन-चार वर्षांनी फुलं कमी होऊ लागली, तर नवे कंद घालायचे.

डॅनफोर्डी पिवळा, स्वस्त आणि फसवा. पहिल्या वर्षी थेट हळदीकुंकवातली हळद! दुसऱ्या वर्षी नुसती पाती. मी कुंडी उपसली तर मूळ कंद गायब, त्याच्या जागी तांदळाच्या दाण्याएवढी पिल्लं. त्यांना फुलायच्या वयात यायला काही वर्षं लागतात. १० ऐवजी १५ सेंमी खोल लावला तर कंदाचं असं पिल्लांत फुटणं थोडं कमी होतं म्हणतात. मी आता तो एका हंगामापुरताच धरते.

कॅथरीन हॉजकिन हा संकर. फिकट राखाडी निळा, त्यावर निळ्या रेघा नि ठिपके, मध्ये पिवळी झाक. लांबून धुवून विटलेला वाटतो, वाकून पाहिलात तर नजर हटत नाही. कंद थोडे महाग, पण दरवर्षी परत येतात नि वाढतातही. जमिनीत लावून विसरून जायचं असेल तर हाच घ्या. खिडकीतल्या कुंडीला रेटिक्युलाटा.

तिघांचीही अट एकच, पाणी साचता कामा नये. चिकणमाती असेल तर भरड खडी मिसळा, नाहीतर कुंडीच बरी. फुलं गेल्यावर पाती फूटभर वाढून गवतासारखी लोळतात. तीच पुढच्या वर्षाच्या कंदाचं पोट भरतात, म्हणून वाळेपर्यंत कापू नका. गोगलगायींवरही लक्ष ठेवा, कळ्या त्यांना फार आवडतात.

"पुण्याला नेऊ का चार कंद?" असं दरवर्षी कुणीतरी विचारतं. नको. त्यांना गारठ्याचा हिवाळा आणि कोरडा उन्हाळा लागतो. आपल्याकडे हिवाळा उबदार, नि जूनपासून कंद झोपलेले असताना वर धो धो पाऊस. कुजतील बिचारे.