‘पेटी उघडू नका’ असं तो म्हणाला होता

रक्कम आधीच सांगून टाकतो, म्हणजे लाज एकदाच वाटून जाईल. एका ठगाच्या नादी लागून १८,४०० रुपये गेले आणि क्रिकेटची २३ कार्डं गेली. रुपयांचं दुःख एव्हाना ओसरलंय.

मी वेंगुर्ल्याचा. १९८७ चा विश्वचषक भारत-पाकिस्तानात झाला तेव्हा मी दहा वर्षांचा होतो. नागपुरात चेतन शर्माने हॅट्‌ट्रिक घेतली, त्याच सामन्यात गावसकरने एकदिवसीय क्रिकेटमधलं एकुलतं एक शतक ठोकलं, तो दिवस अजून आठवतो. तेव्हापासून बबलगमबरोबर मिळणारी खेळाडूंची कार्डं जमवतोय. मावसभावाशी भांडून, आंबे देऊन, कधी चक्क ढापून. अशी चारशेच्या आसपास झाली होती, बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात.

आमच्याकडे कागद टिकवणं म्हणजे काय असतं, हे कोकणाबाहेरच्या माणसाला समजावणं कठीण. जूनमध्ये पाऊस लागला की चिऱ्याच्या भिंतीला ओल येते, चपलांवर बुरशी चढते, मीठ पाघळतं म्हणून बरणीत भाजलेले तांदूळ टाकतात. कपड्यांच्या कपाटात चार महिने बल्ब जळत असतो. माझ्या कार्डांवर तपकिरी ठिपके पडायला लागले होते. त्या धास्तीलाच त्या ठगाने हात घातला.

त्याची गाठ पडली कुडाळला, जुनी नाणी आणि तिकिटांच्या एका प्रदर्शनात. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात पांढरे सुती मोजे, खिशात भिंग. दुसऱ्या आठवड्यात घरी आला आणि टेबलावर आर्द्रता मोजायचं छोटं यंत्र ठेवलं. आकडा ८४. “दादा, कागदाला ४५-५० हवी. तुम्ही तर लोणचं घालताय.” हे खरंच होतं. १९५२ च्या टॉप्स कंपनीच्या मिकी मँटल कार्डाला २०२२ च्या लिलावात १ कोटी २६ लाख डॉलर मिळाले, हेही त्याने मोबाइलवर दाखवलं, तेही खरं. ते कार्ड बेसबॉलचं, अमेरिकेतलं. माझ्या बबलगमच्या कार्डांशी त्याचा काय संबंध, हे विचारायचं मला सुचलं नाही.

आई पडवीत बसून ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, “भिंतीक हात लावलो तर पाणी सुटता, नि हो मनीस तुजे कागद टिकवतलो?” मी हसलो.

त्याचं म्हणणं असं: उत्तम २३ कार्डं निवडायची, मुंबईच्या ‘लॅब’मध्ये तपासून त्यांना ग्रेड, म्हणजे स्थितीनुसार दर्जा, द्यायची आणि नायट्रोजन भरून कडक प्लास्टिकच्या पेटीत कायमची सील करायची. कार्डामागे ८०० रुपये. पैसे यूपीआयने दिले, पण खात्यावर नाव तिसऱ्याच माणसाचं. पावती मागितली तर “पेट्यांबरोबर पाठवतो.” उरलेल्या कार्डांसाठी एक जाडजूड अल्बम फुकट दिला. त्या अल्बमला नव्या रेनकोटचा वास येत होता. तो वास आता मला झोपेतही ओळखता येईल.

सहा आठवड्यांनी पेट्या आल्या. होलोग्राम, बारकोड, कधी न ऐकलेल्या कंपनीचं लेबल. पावती नव्हतीच. फोनवर तीनदा बजावलं, पेटी उघडू नका, हवा शिरली की ग्रेड रद्द. म्हणून मी त्या नुसत्या काचेच्या कपाटात मांडून बघत बसलो. कार्डांना ग्रेड देणाऱ्या पीएसएसारख्या खऱ्या कंपन्यांच्या पेटीवरचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून पडताळता येतो, आणि त्यांच्याही पेट्या काही हवाबंद नसतात, हे मी नंतर वाचलं. आधी वाचायला काय झालं होतं, ते मलाच माहीत नाही.

चतुर्थीला मावसभाऊ आला. गावसकरचं कार्ड मूळचं त्याचं. लहानपणी खेळात जिंकलेल्या प्रत्येक डावाची एक रेघ तो पाठीवर निळ्या बॉलपेनने ओढायचा. त्याने पेटी उलटी केली आणि म्हणाला, “दादा, माझ्यो रेघो खंय गेल्यो?”

आणि मी, शहाणा, त्या चोराचीच बाजू घेतली. म्हटलं, साफ केलं असेल. तो म्हणाला, शाई घालवशील, पण बॉलपेनने पडलेला चरा कसा घालवशील? पेटी उजेडात तिरकी धरली. पाठ सपाट, गुळगुळीत.

हॅक्सॉच्या पात्याने पेटी कापली. आतलं कार्ड भिंगाखाली धरलं तर नावाची काळी अक्षरंसुद्धा रंगीत ठिपक्यांनी बनलेली. छापखान्यात छापलेल्या कार्डावर काळं अक्षर सलग आणि धारदार उतरतं. स्कॅन करून प्रिंटरवर काढलेल्यात कडा पिंजलेल्या दिसतात. तेवीसच्या तेवीस तशीच. फोन लावला, बंद.

मग तो फुकटचा अल्बम काढला. पानं तेलकट, चिकट झालेली. कपिलचं कार्ड ओढलं तर चेहऱ्यावरची चकाकी प्लास्टिकलाच राहिली. मऊ पीव्हीसीतून कालांतराने प्लॅस्टिसायझर, म्हणजे प्लास्टिक मऊ ठेवणारं रसायन, सुटतं आणि छपाई धरून ठेवतं. अशी एकतीस कार्डं गेली. ही चोरीही नव्हती, नुसता स्वस्त माल.

आता कव्हर घेतलं की त्याचा तुकडा साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवून सोडतो. पॉलिप्रॉपिलीन, म्हणजे कार्डांना चालणारं प्लास्टिक, वर येतं, पीव्हीसी तळाला जातं. पीईटी, म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचं प्लास्टिक, तेसुद्धा बुडतं, पण ते कागदाला त्रास देत नाही, त्यामुळे बुडालेल्याची दुसरी परीक्षा घेतो. तांब्याची तार गॅसवर लाल करून प्लास्टिकला टेकवायची आणि परत ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर क्लोरीन आहे, म्हणजे पीव्हीसी. हे पडवीत, वाऱ्यावर करा, धूर वाईट असतो. डबा रबरी कडेचा, आत नारिंगी सिलिका जेल. ते हिरवं पडलं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर वाळवतो. डबा बंद करायचा तो जानेवारीच्या कोरड्या दिवसांत. जुलैत बंद केलात तर ओलही आतच कोंडाल. डांबराच्या गोळ्या प्लास्टिकजवळ अजिबात नकोत. माळ्यावरही नको, कौलाखाली उन्हाळ्यात भट्टी असते.

तक्रार केली. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन लावायचा तो पैसे गेल्या गेल्या, बँकेला रक्कम अडवता येते तोवर. मी चार महिन्यांनी लावला. सायबर गुन्ह्यांच्या सरकारी संकेतस्थळावर नोंद झाली, पोलीस ठाण्यातही गेलो. तिथल्या हवालदाराने व्यवहाराचा क्रमांक उतरून घेतला आणि विचारलं, कार्डांचे दोन्ही बाजूंचे फोटो आहेत का? उरलेल्या सगळ्या कार्डांचे आता आहेत. त्या तेवीसचे नाहीत.

एका कार्डाची खूण तेवढी सांगू शकलो. सुनील गावसकर, पाठीवर निळ्या शाईच्या सात रेघा, सातवी वाकडी, कारण तेव्हा मी त्याचा हात ओढला होता. कुणी विकायला आणलं तर ते आमचं आहे.