ठासणीची की बारा बोअर?
किनवटच्या बाजूला रात्री रानडुकरं हरभऱ्यात शिरली की सकाळी वावर नांगरल्यासारखं दिसतं. मग पारावर बंदुकीचा विषय निघतोच.

ठासणीच्या बंदुकीत काळी दारू, बोळा, छर्रे सगळं नळीच्या तोंडातून गजानं ठासायचं. एक बार झाला की दुसऱ्याला वेळ लागतो. दारू सादळली तर नुसती टोपीच (दारू पेटवणारी छोटी कॅप) फुटते, डुक्कर खातच राहतं! खरी कटकट पुढंच आहे. या दारूची काजळी हवेतला ओलावा ओढते. त्याच दिवशी नळी गरम पाण्यानं धुवायची, खडखडीत कोरडी करायची, तेलाचा बोळा फिरवायचा. आळस केला की गंज चढलाच.

बारा बोअर म्हणजे काडतुसाची बंदूक. तिची नळी बिजागरीवर खाली वाकवायची, काडतूस सरकवायचं, झालं. सफाईही सोपी. फक्त खटक्यात तेल ओतू नका. वावरातली धूळ त्यात बसते आणि चाप जड होतो. काडतुसांचा खर्च मात्र आहेच.

१९५९ च्या शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा वेगळा उल्लेख आहे, पण परवाना दोन्हींना लागतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळं डुक्कर किंवा रोही (नीलगाय) मारायची परवानगी वेगळी. नुसता बार काढून पिटाळायचं असेल तर ठासणीची पुरे. मी बारा बोअरच घेईन. रात्रभर जागल्यावर नळी धुवायला कोण बसणार?