मॅलिन की रेव्हन: पोराची कोणती आयक्यू टेस्ट करावी?

धरमपेठेतली एक ताई विचारत होती म्हणून लिहितो. मॅलिनची टेस्ट म्हणजे 'विस्क' या पोरांच्या अमेरिकन आयक्यू टेस्टचं १९६९ चं भारतीय रूप, अन् हे डॉ. मॅलिन आपल्या नागपूरचेच बरं का. यात शब्दार्थ, गणित, ऐकलेले आकडे उलटे म्हणणं, ठोकळ्यांची नक्षी जुळवणं, असं बरंच काही, भाषेचा अन् हाताच्या कामाचा आयक्यू वेगवेगळा निघतो, म्हणून पोरगं नेमकं कुठं अडकतं ते कळते, पण वेळ लय जातो.

रेव्हन १९३८ ची, ६० नक्ष्या, प्रत्येकीत हरवलेला तुकडा शोधायचा, बस. भाषा लागत नाही, त्यामुळे घरी गोंडी बोलणाऱ्या पोरावर अन्याय कमी होते. पण गणितात काहून अडतो ते ती सांगणार नाही, त्यासाठी मॅलिनच करा.